वाचकांचे प्रश्न : विधानसभेचे अधिवेशन कोणत्या महिन्यात भरावे?

मध्यप्रदेश विधानसभेचे अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चपर्यंत न लांबवता जानेवारीतच सुरू करावे, अशी सूचना करणारे एक टिपण मागील अंकात प्रसिद्ध झाले होते. त्यावर इंदूर, देवास आणि ग्वाल्हेर येथील वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : अधिवेशनाचे महिने राज्यघटनेतच ठरवून दिलेले आहेत काय? तसे असेल तर काळ बदलण्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागेल आणि ती आपल्या राज्याच्या हातात नाही. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : राज्यघटनेत एकाही महिन्याचे नाव नाही. अनुच्छेद १७४ एवढेच सांगतो की, राज्यपाल वेळोवेळी, त्यांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी विधानसभेची बैठक बोलावतील. मात्र एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. मूळ घटनेत वर्षातून किमान दोनदा सभागृह बोलावण्याची अट होती. तिचा शब्दशः अर्थ घेतला तर वर्षभर सलग बसणाऱ्या सभागृहालाही अधिवेशन संपवून पुन्हा बोलावणे भाग पडले असते, म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती शब्दरचना बदलण्यात आली. अधिसूचना राज्यपालांच्या नावाने निघते, पण ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार निघते. म्हणजेच अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने आणि त्यांचे महिने हा सारा प्रघात आहे आणि तो बदलायला मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरेसा आहे.

सहा महिन्यांची अट मात्र कठोर आहे. हे अंतर शेवटच्या बैठकीपासून मोजले जाते, अधिवेशन औपचारिकरीत्या समाप्त केल्याच्या तारखेपासून नव्हे, ही गोष्ट अनेकदा लक्षात राहत नाही. हरियाणा विधानसभेची शेवटची बैठक १३ मार्च २०२४ रोजी झाली होती. सप्टेंबर उजाडला तरी पुढचे अधिवेशन भरले नव्हते आणि निवडणूक तोंडावर आली होती. अखेर मुदत संपता संपता, १२ सप्टेंबर रोजी, मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून विधानसभाच विसर्जित करण्यात आली. अधिवेशनाचा महिना मागेपुढे करताना प्रत्येक सरकारला हा हिशेब करावाच लागतो.

आणखी एक बंधन आहे. अनुच्छेद १७६ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी राज्यपालांचे अभिभाषण व्हावे लागते. पहिले अधिवेशन जानेवारीत आणले की अभिभाषण आणि त्यावरील आभारप्रस्तावाची चर्चाही जानेवारीत येते. माझ्या मते ही अडचण नसून सोय आहे. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात अधिक लिहिले आहे.

प्रश्न : मार्चमधील अधिवेशन होळी आणि रंगपंचमीत सापडते. आमच्या भागातील गेरीची (रंगपंचमीच्या रंगीत मिरवणुकीची) तयारी, मुलांच्या परीक्षा आणि विधानसभा हे सारे एकाच पंधरवड्यात येते. ते जानेवारीत घेतले तर काय बिघडेल? (मल्हारगंज, इंदूर)

उत्तर : आपला प्रश्न सणासुदीच्या सोयीपुरता वाटेल, पण त्याचे मूळ खोल आहे. २०२५ चे अर्थसंकल्पी अधिवेशन डोळ्यांपुढे घ्या. ते १० ते २४ मार्च असे पंधरा दिवसांचे होते. १४ मार्चला धुळवड होती आणि १९ मार्चला रंगपंचमी. त्या दिवशी टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत माणसांची रीघ लागलेली असते, टँकरवरच्या यंत्रांतून रंगाचे फवारे चार मजली घरांच्या गच्चीपर्यंत उडत असतात आणि शहरातला कोणताही आमदार भोपाळला बसून राहील अशी अपेक्षा कोणीच करत नाही. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार वजा जाता पंधरा दिवसांत बैठका नऊ उरल्या. अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी चार लाख एकवीस हजार कोटी रुपयांचा अर्थसंकल्प १२ मार्चला मांडला. म्हणजे मांडल्यानंतर त्याच्या छाननीला बैठका उरल्या सहा, आणि त्याच सहा बैठकांत प्रश्नोत्तरे, ध्यानाकर्षण सूचना, विधेयके आणि इतर कामकाजही बसवायचे.

अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा हा कामाचा सोपा भाग असतो. खरे काम अनुदानाच्या मागण्यांचे आहे. प्रत्येक खात्याला पैसा कशासाठी हवा, मागील वर्षी दिलेला कुठे गेला, इंदूरच्या मोठ्या शासकीय रुग्णालयात खाटा किती वाढल्या, नर्मदेचे पाणी कोणत्या वस्तीपर्यंत आले, हे विचारण्याची जागा ती असते. दिवस संपत आले की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात आणि मंजूर होतात. मंत्र्यांना त्यांच्या खात्याच्या खर्चाविषयी त्या वर्षी सभागृहात एकही प्रश्न न विचारला जाता कोट्यवधींची रक्कम संमत होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसा काढण्याची परवानगी देणारे विधेयक, त्याआधी संमत होणे आवश्यकच असते, नाहीतर अनुच्छेद २०६ खाली लेखानुदान, म्हणजे तोवरच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी, घ्यावे लागते. अधिवेशन मार्चच्या मध्यावर सुरू करणे म्हणजे ही घाई आधीच ठरवून ठेवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्रात नेमक्या याच कारणाने काळ बदलला. पूर्वी केंद्रीय अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी मांडला जाई आणि तो पूर्णपणे संमत होईपर्यंत मे महिना उजाडे. तोवरचा खर्च लेखानुदानावर चाले. २०१७ पासून तो १ फेब्रुवारीला मांडला जाऊ लागला, जेणेकरून ३१ मार्चपूर्वी सारी प्रक्रिया पूर्ण होऊन एप्रिलच्या पहिल्या दिवसापासून खात्यांच्या हाती पैसा यावा.

मग आपले अधिवेशन सरळ जानेवारीत का आणू नये? मागील टिपणाशी मी येथे अंशतः असहमत आहे. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा केंद्रीय करांतील वाट्यातून आणि केंद्राच्या अनुदानांतून येतो आणि त्याचा आकडा १ फेब्रुवारीला कळतो. त्याआधी मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प अंदाजावर उभा राहील आणि पुढे पुरवणी मागण्यांनी तो सावरत बसावे लागेल. तेव्हा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अधिवेशन सुरू करून अभिभाषण, त्यावरची चर्चा आणि पुरवणी मागण्या तेव्हाच उरकाव्यात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अर्थसंकल्प मांडावा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन खात्यांच्या मागण्या समित्यांकडे सोपवाव्यात आणि मार्चमध्ये त्या समित्यांच्या अहवालांसह सभागृहात चर्चेला घ्याव्यात. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्यांमार्फत असेच काम चालते आणि केरळ विधानसभेत विषय समित्या मागण्यांची छाननी करतात. सुट्टीचा हा काळ होळीला लागून आला तर आपल्या गेरीचाही प्रश्न सुटेल, आणि आमदारांना सणाच्या निमित्ताने मतदारसंघात राहून लोकांकडून अर्थसंकल्पाविषयी ऐकताही येईल.

येथे एका जुन्या निर्णयाची आठवण करून देतो. २०१७ च्या मे महिन्यात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने आर्थिक वर्षच जानेवारी ते डिसेंबर करण्याचा निर्णय घेतला होता. तो अमलात आला असता तर अर्थसंकल्पी अधिवेशन हिवाळी अधिवेशनाच्या जागी आले असते आणि सगळे वेळापत्रकच उलटेपालटे झाले असते. तो निर्णय मागे पडला. एप्रिल ते मार्च हे वर्ष इंग्रजी अमदानीत १८६७ पासून चालत आलेले आहे. ते पावसाच्या चक्राशी जुळत नाही, हा आक्षेप १९८० च्या दशकात लक्ष्मीकांत झा यांच्या समितीनेही नोंदवला होता. परंतु केंद्राचे वर्ष एक आणि राज्याचे दुसरे असा प्रकार हिशेबाच्या दृष्टीने फार जड जाईल, म्हणून अधिवेशनाचा काळ बदलण्यासाठी आर्थिक वर्ष बदलण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : पावसाळी अधिवेशन जुलैअखेर भरते. तोपर्यंत माळव्यात सोयाबीनची पेरणी आटोपलेली असते. बियाणे आणि खताच्या तक्रारी सभागृहात पोहोचतात तेव्हा त्यांचा उपयोग काय? (देवास)

उत्तर : आपले म्हणणे बरोबर आहे. २०२५ चे पावसाळी अधिवेशन २८ जुलैला सुरू झाले, आणि पेरणी त्याच्या कितीतरी आधी उरकलेली असते. अधिवेशन जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात घेतले तर बियाण्याची उगवण, खताचा पुरवठा आणि पीकविम्याची मुदत हे प्रश्न वेळेवर उपस्थित होतील. ग्रामीण आमदार पेरणीच्या दिवसांत मतदारसंघ सोडायला नाखूश असतात, हा यावरचा प्रतिवाद आहे आणि तो क्षुल्लक नाही. पण जो प्रश्न त्यांना शेतावर ऐकावा लागतो तोच मंत्र्यांना विचारायचा असेल तर भोपाळचे चार दिवस त्यांनी काढलेच पाहिजेत.

प्रश्न : राज्यपालांना योग्य वाटेल त्या वेळी अधिवेशन बोलावता येत असेल, तर ते स्वतःच्या अधिकारात ठरलेली तारीख बदलू शकतात का? २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात जे घडले त्यावरून हा प्रश्न मनात येतो. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे दिलेले आहे. अरुणाचल प्रदेशात विधानसभेचे अधिवेशन १४ जानेवारी २०१६ रोजी बोलावण्यात आले होते. राज्यपाल ज्योतिप्रसाद राजखोवा यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला न घेता ते १६ डिसेंबर २०१५ रोजीच घेण्याचा आदेश काढला, आणि त्यानंतरच्या घडामोडींत राज्यात राष्ट्रपती राजवट आली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १३ जुलै २०१६ रोजी नबाम रेबिया प्रकरणी निकाल देताना तारीख अलीकडे आणण्याची ती कृती घटनाबाह्य ठरवली आणि आधीचे सरकार पुन्हा प्रस्थापित केले. अधिवेशन बोलावणे, समाप्त करणे आणि सभागृह विसर्जित करणे या बाबतींत राज्यपालांनी सर्वसाधारणपणे मुख्यमंत्री व मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, हे त्या निकालाचे सार आहे. मंत्रिमंडळाने विधानसभेतील बहुमत गमावले आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परिस्थिती निराळी ठरू शकते.

याची दुसरी बाजू पंजाबात दिसली. मार्च २०२३ मधील अर्थसंकल्पी अधिवेशन बोलावण्याबाबत राज्यपालांनी निर्णय लांबवला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक आहे हे न्यायालयाने पुन्हा सांगितले. त्याच वेळी राज्यपालांनी मागितलेली माहिती पुरवणे हे मुख्यमंत्र्यांचेही घटनात्मक कर्तव्य आहे, अशी कानउघाडणी सरकारची केली.

आपल्याकडची २०२० मधील घटना थोडी वेगळी होती. १६ मार्च २०२० रोजी विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले आणि राज्यपालांच्या अभिभाषणानंतर अध्यक्षांनी ते कोरोनाच्या साथीचे कारण देऊन २६ मार्चपर्यंत तहकूब केले. येथे तारीख राज्यपालांनी बदलली नव्हती. चालू अधिवेशनातील बैठक अध्यक्षांनी पुढे ढकलली होती आणि तो अध्यक्षांचा अधिकार आहे. पण सरकारकडे बहुमत आहे की नाही हा प्रश्न उभा असताना बहुमत चाचणी लांबवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि २० मार्चला चाचणी घेण्याचा आदेश दिला. चाचणीपूर्वीच मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला. या साऱ्या प्रकरणांत वाद अखेर तारखेवरून होता. अधिवेशनाच्या तारखा सोयीनुसार हलवण्याची मोकळीक राहिली की ती संकटकाळी वापरली जाते, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो. म्हणून वेळापत्रक कायद्याने बांधून घेण्याच्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे.

प्रश्न : मध्यभारत राज्य असताना ग्वाल्हेर आणि इंदूर अशा दोन राजधान्या होत्या. अधिवेशनाचा काळ बदलताना एखादे अधिवेशन इंदूरला घेता येणार नाही का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : घटनेच्या दृष्टीने घेता येईल, अनुच्छेद १७४ मध्ये वेळेबरोबर ठिकाणाचाही उल्लेख आहे. २८ मे १९४८ रोजी स्थापन झालेल्या मध्यभारतात ग्वाल्हेर ही हिवाळी आणि इंदूर ही उन्हाळी राजधानी होती. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख (म्हणजे राज्यपालांसारखे राज्याचे प्रमुख) होते आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, आणि विधानसभा बोलावण्याचा अधिकार राजप्रमुखांकडे होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हे राज्य मध्यप्रदेशात विलीन झाले आणि राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालयाची खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेरला मिळाली, विधानसभा मात्र भोपाळातच राहिली.

महाराष्ट्रात १९५३ च्या नागपूर करारानुसार दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला भरते. ते हिवाळ्यात घेण्याची पद्धत पडली, आणि ती का सोयीची आहे हे २०१८ मध्ये कळले. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपूरला घेण्यात आले आणि ६ जुलैला मुसळधार पावसात विधानभवन परिसरात पाणी शिरून वीज गेल्यामुळे कामकाज थांबवावे लागले. अधिवेशनाचा काळ आणि ठिकाण यांचा विचार एकत्रच करावा लागतो. इंदूरविषयी मला ओढ आहे, तरीही सचिवालय, कागदपत्रे आणि अधिकारी भोपाळला असताना चार-पाच दिवसांच्या अधिवेशनासाठी हा व्याप मांडण्यापेक्षा तोच पैसा आणि तेच श्रम बैठकांचे दिवस वाढवण्यासाठी वापरावेत, असे मला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात राहतो. तेथे विधिमंडळाच्या अधिवेशनाचा महिना ठरवण्यासाठी लोकांचे मत घेतले जाते असे तो म्हणतो. हे खरे आहे का? (सपना-संगीता मार्ग, इंदूर)

उत्तर : खरे आहे. फ्लोरिडाचे नियमित अधिवेशन वर्षातून एकदा साठ दिवसांसाठी भरते आणि ते कधी भरेल हे त्या राज्याच्या घटनेत लिहिलेले आहे. विषम वर्षांत ते मार्चमध्ये सुरू होते. सम वर्षांत कायदा करून दुसरी तारीख ठरवण्याची मुभा विधिमंडळाला होती आणि तिचा वापर करून ते जानेवारीत घेतले जाऊ लागले. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून सम वर्षांतील जानेवारीचा काळ घटनेतच पक्का केला. टेक्सासमध्ये तर नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षाच्या जानेवारीत, जास्तीत जास्त १४० दिवसांसाठी भरते.

ती पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही, कारण आपले मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते आणि विधानसभा वर्षभर केव्हाही बोलावता येण्याच्या अवस्थेत राहिली पाहिजे. तथापि तारीख बदलायची तर ती जाहीरपणे, चर्चा करून आणि अनेक वर्षांसाठी बदलायची, एवढा भाग घेण्यासारखा आहे. आपल्या देशातही हा विचार नवा नाही. लोकसभेच्या एका समितीने १९५५ मध्येच अर्थसंकल्पी अधिवेशन १ फेब्रुवारी ते ७ मे, दुसरे १५ जुलै ते १५ सप्टेंबर आणि हिवाळी ५ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर असे वेळापत्रक सुचवले होते. ते कधी पाळले गेले नाही. कर्नाटकाने २००५ मध्ये कायदा करून विधिमंडळाने वर्षात किमान साठ दिवस बसावे असे ठरवले. तेथेही बहुतेक वर्षी तो आकडा गाठला गेलेला नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना आढावा आयोगाने २००२ मध्ये सत्तर किंवा अधिक सदस्यांच्या विधानसभांसाठी वर्षाला किमान नव्वद बैठका सुचवल्या होत्या. आपल्या विधानसभेत २३० सदस्य आहेत, आणि देशातील राज्य विधानसभांच्या बैठकांची सरासरी अलीकडे वर्षाला वीस-बावीस दिवसांच्या घरात आहे. काळ बदलला आणि दिवस तेवढेच राहिले, किंवा बदलाच्या निमित्ताने एखादा आठवडा कमीच झाला, तर जनतेच्या पदरात काहीच पडणार नाही. बदलाच्या कोणत्याही प्रस्तावात किमान दिवसांची संख्या लिहिलेली असलीच पाहिजे, आणि ती न पाळल्यास अध्यक्षांनी सभागृहाला लेखी कारण द्यावे अशी तरतूदही हवी.

प्रश्न : आम्ही आमच्या वस्तीच्या सांडपाण्याविषयी आमदारांकडे प्रश्न दिला आहे. अधिवेशनाचा काळ पुढे गेला तर तो प्रश्न आपोआप पुढच्या अधिवेशनात येईल का? (महू नाका, इंदूर)

उत्तर : तसे गृहीत धरू नका. राज्यपालांनी अधिवेशन समाप्त केले की प्रलंबित सूचना सर्वसाधारणपणे रद्द होतात आणि पुढच्या अधिवेशनासाठी नव्याने सूचना द्यावी लागते. बैठक नुसती तहकूब झाली असेल तर अधिवेशन चालूच असते आणि सूचना जिवंत राहते. म्हणून अधिवेशनाची अधिसूचना निघाल्यावर लगेच आमदारांच्या कार्यालयात जाऊन आपला प्रश्न नव्याने दिला गेला आहे ना, याची खात्री करून घ्यावी. प्रश्नासोबत वस्तीचे नाव, प्रभाग, पूर्वी केलेल्या तक्रारींच्या तारखा आणि त्यांचे क्रमांक दिले तर मंत्र्यांकडून मोघम उत्तर येण्याची शक्यता कमी होते. प्रश्नाखेरीज आमदारांमार्फत सभागृहात याचिका सादर करण्याचाही मार्ग आहे. ती याचिका समितीकडे जाते आणि समितीचे काम अधिवेशन नसतानाही चालू राहते, त्यामुळे सांडपाण्यासारख्या तक्रारीला हा मार्ग अनेकदा अधिक उपयोगी पडतो. आपल्या प्रश्नातून पुढे एखादे विधेयक आले तर त्याची चिंता करू नये. विधानसभेत प्रलंबित असलेले विधेयक केवळ अधिवेशन समाप्त झाल्याने रद्द होत नाही, असे अनुच्छेद १९६ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.